पाऊण वेग

बास गिटार शिकून बिलिंगवाल्याला मिळणार काय होतं, तर होता तिथेच राहायला. बढती नाही, पगारवाढ नाही. लांबच्या नव्या गोदामावर दोघांपैकी एकाची बदली व्हायची होती, त्याची नाहीतर स्टोअरकीपरची. गोदामाला स्टोअरकीपर लागतो, हे दारावरच्या वॉचमननंही सांगितलं असतं. पण स्टोअरकीपर साहेबांच्या गाण्याला ड्रम वाजवायचा, आणि कंपनीचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलेला. साहेब एक वेळ गोदाम रिकामं ठेवतील, ताल सोडणार नाहीत. म्हणजे बदली याचीच. म्हणून जुना बास वाजवणारा ज्या दिवशी नोकरी सोडून गेला, त्याच दिवशी बिलिंगवाल्यानं साहेबांच्या केबिनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "मला येतं की, साहेब."

येत काहीच नव्हतं. गिटार मेहुण्याची, विद्या मोबाइलवरची.

शनिवारी दुपारी मीटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला सरकवून तालीम उभी राहिली. बिलिंगवाला गिटार मांडीवर घेऊन बसला. बोटांची सालं निघालेली. व्हिडिओतला टोपीवाला मास्तर वाजवायचा तेव्हा याची नजर पुढे जायची आणि बोटं मागे राहायची, म्हणून यानं व्हिडिओचा वेग उतरवून पाऊण केला होता. मग मास्तरचा आवाज असा यायचा की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, हा बरा आहे ना? घरी कोणी आहे का त्याच्या?" वेग नंतर वाढवू, असं तो रोज म्हणायचा. त्या नंतरच्या आधी शनिवार उजाडला.

"एक, दोन, तीन, चार." स्टोअरकीपरनं काठीवर काठी आपटून वेग दिला.

दुसऱ्या ओळीला बिलिंगवाला मागे पडला, तिसरीला हरवला. साहेब गाता गाता थांबले. "काय झालं?"

"काही नाही, साहेब. तार जरा उतरलीय."

तारेला काही झालं नव्हतं. पुन्हा एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा तेच. बोटांना सगळं पाठ होतं, फक्त इतक्या घाईनं ती कधी घराबाहेर पडली नव्हती. स्टोअरकीपरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. रागानं नव्हे, माल कमी भरलेल्या खोक्याकडे बघतात तसं. बिलिंगवाल्याला समोर गोदाम दिसायला लागलं.

तिसऱ्यांदा त्यानं मोजणीची वाटच पाहिली नाही. डोळे मिटले आणि येत होतं त्या वेगानं सुरू केलं. बासचा आवाज कानाला कमी आणि पायाखालच्या फरशीला जास्त कळतो. साहेब नकळत त्याच्या मागून चालू लागले. ड्रम दोनदा पुढे गेला, मागे वळून बोलावल्यासारखा थांबला, पुन्हा पुढे गेला. कोणी आलं नाही. मग ती वरच्या सुरातली ओळ आली, जिथे साहेबांचा शेवटचा शब्द दरवेळी अर्ध्यातच संपायचा. आज तिथे त्यांना श्वास घ्यायला जागा सापडली. ओळ पूर्ण झाली. शेवटचा सूर साहेबांनी हात वर करून धरला आणि सूर संपला तरी हात खाली येईना.

"अरे!" साहेबांचे डोळे भरले होते. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझाच दम कमी पडतो." ते स्टोअरकीपरकडे वळले. "तू पळवत होतास मला."

"साहेब, मूळ गाणं त्याच वेगाचं आहे. लावून दाखवू?"

"मूळ गाणारा येणार आहे का आपल्या कार्यक्रमाला?"

साहेब पाणी प्यायला कूलरकडे गेले, तसा स्टोअरकीपर बिलिंगवाल्याच्या कानाशी वाकला. "व्हिडिओ हळू करून शिकलात ना?"

"वाढवणार होतो."

"मग तेवढंच सांगा त्यांना."

जिभेवर आलं होतं, त्यात खोटं नाही. पण डोळ्यांसमोर पुन्हा गोदाम आलं. साहेब ग्लास घेऊन परत आले तेव्हा बिलिंगवाला एक खुंटी पिळत होता, जिला पिळायचं काही कारण नव्हतं.

"कसली खलबतं चाललीत?"

"काही नाही, साहेब," बिलिंगवाला म्हणाला.

"तुमचा हात मात्र धीराचा आहे हो." साहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मग स्टोअरकीपरला म्हणाले, "या वेळी ताल माझ्या घरच्या कीबोर्डमधूनच घेऊ. त्यात ठोके तयार असतात, पाहिजे तेवढे सावकाश. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि ते नवं गोदाम... तुझ्याइतकं स्टोअरमधलं कोणाला कळतं? सोमवारी पत्र काढतो."

ड्रम सुटे करायला वेळ लागतो. बिलिंगवाल्यानं कोणी न सांगता सगळ्यात मोठा उचलला आणि पोटाशी धरून लिफ्टपर्यंत नेला. "तिकडे राहायची सोय चांगली आहे म्हणे," तो म्हणाला. स्टोअरकीपरनं ऐकलं नाही. त्यानं बायकोला फोन लावला होता.

"अगं, तुझी कायम झाल्याची ऑर्डर आज येणार होती ना?... आली?... वा. अख्ख्या शाळेला सांगितलंस?... नाही, आवाजाला काय झालंय, लिफ्टपाशी आहे म्हणून. येतोच."

साहेबांना दम मिळाला, बिलिंगवाल्याला त्याची खुर्ची. किंमत मोजली ती इथल्या शाळेत आजच कायम झालेल्या एका बाईंनी. त्यांनी तर ते गाणं अजून ऐकलंही नव्हतं.