सात नंबरची सायकल

"डबलसीट बसला तू," रहीमभाई म्हणाले. सायकल अजून स्टँडवरही लागली नव्हती.

"नाही बसलो," पुंजाजी म्हणाला.

शेंदूरजनाघाटच्या बाजारात अब्दुल रहीम यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि त्यांच्याशी हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. संत्र्याच्या बागा पाहायला पार मुंबईकडचे व्यापारी येत, दिवसभर सायकल दामटत, आणि परत देताना 'अशीच होती, आम्ही कुठं पाडली?' म्हणून भांडत. रहीमभाई नुसतं चाकावर बोट फिरवत आणि सायकल कुठल्या नाल्यात, कोणत्या अंगावर पडली ते सांगत. व्यापारी मुकाट्याने भरपाई काढून ठेवत.

पुंजाजीने सात नंबरची सायकल नेली त्याला आज बारा दिवस झाले. नागपूरला जायचं होतं, दसऱ्याच्या दीक्षेला. चांगले सत्तर मैल! "बारा दिवस?" रहीमभाईंनी तेव्हा विचारलं होतं. "तिकडे काय घर बांधून राह्यतं का?" मग नियमांची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. गिऱ्हाईक वकील असला तरी ते पाटी वाचल्याशिवाय सोडत नसत. "डबलसीट बसायचं नाही. बसला तर गहाण बुडालं. चालवता येते ना नीट? काटोलच्या वाटेनं चढ-उतार लय आहे. मोडतोड भरून द्या लागीन. कबूल?"

"येते. कबूल," पुंजाजी म्हणाला आणि गहाण म्हणून त्याने मायचे चांदीचे गोट काढून दिले. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सायकल हाती धरूनच तो गर्दीत दिसेनासा झाला.

ते गोट जाईबाईच्या हातातून लग्नापासून उतरले नव्हते. साबण लावून, ओढून काढावे लागले, तेव्हाही म्हातारीने हूं की चूं केलं नाही. आता ती घरी ओट्यावर बसून उघडी मनगटं पदराखाली झाकत होती. "घेऊनच येतो," असं तिला सांगून पुंजाजी निघाला होता.

रहीमभाई उकिडवे बसले. "मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या. चाकाले आऊट आहे, फिरवलं का डुलते. अन हे कॅरिअर पाह्य, कसं बसलं खाली! गोणीनं असं नाही होत, माणसानं होते."

पॅडलची रबरं त्यांनी सायकल देण्याच्या आदल्याच दिवशी नवी घातली होती. ती अजून कोरी होती, त्यावरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. "हे मात्र जपलं बुवा," ते म्हणाले. मग हँडल पाहिलं. डाव्या मुठीचं रबर झिजून लोखंड दिसत होतं, उजवी मूठ जशीच्या तशी. "वा रे पठ्ठ्या! एका हातानं चालवत होता? दुसऱ्या हातात काय, छत्री?"

पुंजाजी हसला नाही. त्याच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"वहाणा?"

"गेल्या."

दीक्षेच्या एवढ्या गर्दीत जायच्याच, असं रहीमभाईंना वाटलं.

"तारांचं भरतो, मुठीचं भरतो," पुंजाजी म्हणाला. "पण मायचे गोट द्या, रहीमभाई. डबलसीट नाही बसलो मी."

"कसम खातं?"

"आता कसम कायची? तिथं शपथच घेतली आमी. खोटं बोलनार नाही म्हनून."

रहीमभाईंचा हात तारांवरच थांबला. दुकानात आलेला प्रत्येक जण त्या दिवसाचंच बोलत होता, पण प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस हा पहिलाच. "खरंच का रे लय लोक होते?"

"काय सांगू तुमाले!" पुंजाजीचा आवाजच बदलला. "जमीन दिसतच नव्हती. कपाशी फुटल्यावर वावर दिसते ना, तसं पांढरंच पांढरं, नजर जाईन तिथलोक. अन कोनी कोनाले ढकलत नव्हतं. बाबासाहेब एक एक ओळ म्हनत अन आमी सारे मागून म्हनत. लाखानं मान्सं, पन आवाज एकच! अंगावर काटा आला. माय तर माह्या खांद्याले धरून उभीच राह्यली, बस म्हटलं तरी बसेना..."

"या अल्ला," रहीमभाई पुटपुटले. त्यांनाही ते मैदान दिसू लागलं होतं. आणि मग ते एकदम थबकले.

"माय? जाईबाई? तिले तर गुडघ्यापायी विहिरीलोक जाता येत नाही. ते नागपूरले पोचली कशी?"

पुंजाजीने वाकून पायाची सुटलेली चिंधी आवळली.

"रेल्वेनं?"

"नाही. रेल्वेत मुंगीले जागा नव्हती."

"बैलबंडीनं?"

"बंडी कोन देते आमाले?"

"मंग?"

"कॅरिअरवर," पुंजाजी खाली मान घालून म्हणाला.

रहीमभाई उठले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं तोंड मात्र उतरलं होतं. "माय कॅरिअरवर, तू सीटवर. मंग डबलसीट आणखी कायले म्हणतात रे? शपथेले आठ दिवस नाही झाले पुंजाजी, अन माह्या दुकानात येऊन मोडली?"

त्यांनी गोट ठेवलेल्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो पायांच्या चिंध्यांकडे पाहत राहिला, मग त्याने मान वर केली.

"शपथ नाही मोडली मी. एक खोटं बोललो, पन ते सायकल नेली त्या दिवशी, शपथेच्या आंधी. खरं सांगतलं असतं तर तुमी सायकलच देल्ली नसती. मले सायकल चालवताच येत नाही, रहीमभाई."