बांधावरची सोबत

भूमिका दुपारच्या शिफ्टसाठी खाडीच्या बांधावरून पेण स्टेशनकडे निघाली, की अर्ध्यावर तिची छाती धडधडायची, मागून ओली पावलं वाजायची. तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणायचं, "तुला जमणार नाय. माघारी फिर." या आठवड्यात दोनदा ती घरी पळाली होती; आज कामावर पोचली नाही, तर नोकरी जाणार होती. पावलं वाजली. नेहमीसारखी ती स्वतःवर ओरडणार, तेवढ्यात थांबली. दुसरी कुणी घाबरली असती, तर मी तिच्यावर ओरडले असते का? न वळताच तिने मागे हात केला. "दमलीस ना गो? चल, हळूहळू जाऊ." थंडगार बोटं तिच्या बोटांत शिरली. ती शहारली, पण हात न सोडता चालत राहिली. मिठागरावरच्या जनीआजीने विचारलं, "तुझ्यासंगती ती कोन गो? तुझ्यावानीच दिसते." भूमिका म्हणाली, "माझीच हाय. घाबरते जरा, म्हणून सोबत घेतली."