सातवी स्लाइड

"ही अक्षरं कुठं पलत चालली रे?" जिवलीने विचारलं.

"पळत नाहीत मावशी, उडत येतायत. ॲनिमेशन म्हणतात त्याला," रत्नदीप म्हणाला आणि त्याने पुढचा नमुना उघडला.

मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी बारा ते चार लाइट नसायचे, म्हणून दोघं सकाळी नऊलाच येऊन बसले होते. रत्नदीप तिथं शिकवायचा. जिवली शेणवे गावापलीकडच्या पाड्यावरची, ग्रामपंचायतीची मेंबर. लिहिण्यापैकी सही तेवढी यायची, पण बोलण्यात कोणाला हार जात नसे.

तिला साकव हवा होता. पाडा आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा आडवा. पावसाळ्याचे चार महिने अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. गेल्या श्रावणात नवशाच्या बायकोला झोळीतून आणली, तर ती ओढ्याच्या काठावरच बाळंत झाली. मूल वाचलं नाही. यंदा जिवलीच्या सुनेला, राहीला, तिसरा महिना होता. तिचे दिवसही श्रावणातच भरणार होते. जिवलीला त्या विचाराने झोप लागत नसे.

चार वर्षांत चार अर्ज झाले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग तालुक्याच्या कचेरीत नवे साहेब आले. त्यांना कागदांचा कंटाळा आणि कॉम्प्युटरचं वेड. एका गावाने त्यांना फिरत्या अक्षरांचं काहीतरी दाखवलं आणि पाण्याची टाकी पदरात पाडून घेतली, अशी बातमी होती. ती ऐकून जिवलीने तडक रत्नदीपला गाठलं होतं.

"त्यांच्यापरीस भारी पायजे," एवढंच तिने सांगितलं.

इंटरनेटवर नमुने खूप होते. गोल फिरणारी अक्षरं झाली, उमलणारी फुलं झाली, टाळ्यांचा आवाज करत येणारे आकडे झाले. जिवली प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. "ह्या फुलांचा काय उपेग? आपल्याला काय लगीन लावायचं हाय?"

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशी बिल्डरचा नमुना सापडला. पडद्यावर नुसती मोकळी जागा होती. एक क्लिक केलं की पाया यायचा. मग एकावर एक मजले चढायचे आणि शेवटी गॅलरीत माणसं उभी राहायची. जिवलीने खुर्ची पुढे ओढली.

"असाच आपला साकव उभा कर. साहेबाला डोल्यांनी दिसला पायजे. बघितल्यावर कोन नाय म्हनंल?"

रत्नदीपला ते पटलं. फोटो स्टुडिओतला कॅमेरा मागून त्याने ओढ्याचा फोटो काढला. खर्डीच्या बाजूला एक चांगला साकव होता, त्याचाही काढला आणि कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे केले. दोन टोकं, मधला खांब, वरची फरशी, कठडा. पंधरा दिवस तो क्लास सुटला की त्याच नादात असायचा. ओढ्यावरच्या सावल्यांशी साकवाच्या सावल्याही त्याने जुळवल्या. शेवटी राहीला अंगणात हंडा घेऊन उभी केली, फोटो काढला आणि ती साकवाच्या मधोमध नेऊन ठेवली. काम खरोखर झकास झालं होतं.

राहीने ते पाहिलं आणि ती लाजली. "आत्या, मी तं थय गेलेच नाय!"

"जाशील गो," जिवली म्हणाली. "पावसाच्या आधी जाशील."

साहेबांसमोर सात स्लाइड झाल्या. पाड्याची लोकसंख्या, दवाखान्याचं अंतर, नवशाच्या बायकोची हकिगत. सातवीवर नुसता ओढा आला. रत्नदीप क्लिक करत गेला. टोकं आली, खांब आला, फरशी सरकत येऊन बसली, कठडा लागला. आणि हंडा घेतलेली राही मधोमध उभी राहिली.

"परत दाखवा," साहेब म्हणाले. मग त्यांनी बाजूच्या खोल्यांतली माणसं बोलावली आणि तिसऱ्यांदा पाहिलं. "याला म्हणतात प्रेझेंटेशन! पावसाच्या आत करून टाकू. फक्त एक रंगीत प्रिंट अर्जाला जोडून द्या. फाइलला काहीतरी लागतं."

रत्नदीपने प्रिंट काढून आणली. क्लार्कने भोकं पाडून ती फाइलला लावायच्या आधी जिवलीने सातवं पान हातात घेऊन पाहिलं. रंग छान आले होते.

"आता काय हालत नाय," ती म्हणाली.

"कागद कसा हलणार मावशी?"

ती हसली. चार वर्षांत कचेरीतून हसत बाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ.

एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. जिवली घाबरीघुबरी मुरबाडला आली.

"साहेब गेले तरी फाइल कुठं जात नाही," रत्नदीपने तिची समजूत घातली. "नवे साहेब फाइल बघूनच काम करतात."

मृग आठ दिवसांवर असताना पत्र आलं. चार वर्षांतलं पहिलं उत्तर. जिवलीने ते पाड्यावर कोणालाच फोडू दिलं नाही. शेअर जीपने ती थेट क्लासवर आली. दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून राहीही सोबत होती. सातवा सरत आलेला; ती बाकावर टेकली आणि पदराने वारा घेऊ लागली. जिवलीने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "राहीला बी ऐकू दे."

रत्नदीपने पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आपल्या अर्जासोबतच्या छायाचित्र क्रमांक सातचे अवलोकन केले असता, सदर ओढ्यावर सुस्थितीतील साकव अस्तित्वात असून स्थानिक महिला त्याचा वापर करीत असल्याचे दिसून येते. सबब आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे. तसेच, सदर साकव कोणाच्या परवानगीने बांधला, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत करावा."