तिसऱ्या कडव्यातली शांतता

तिसरं कडवं आलं आणि स्टेजवरच्या पोरांनी गिटारी एकदम थांबवल्या.

फिलिप घाटगे खुर्चीत चुळबुळले. नावेतून सासरी निघालेल्या मुलीचं हे गाणं, ओवीच्या चालीला गिटारची जोड देऊन, त्यांनीच बांधलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये नेमकी याच ओळीला त्यांची तार तुटली. गायिका एकटीच गात राहिली आणि स्टुडिओची वेळ संपल्यामुळे कॅसेट तशीच निघाली. नंतर ते मस्कतला गेले ते थेट म्हातारपणीच मिरजेला परतले. आणि ही पोरं त्यांची चूकसुद्धा जशीच्या तशी वाजवत होती!

"अरे, वाजवा की!" ते पुटपुटले.

"थांबा हो," शेजारच्या बाई कुजबुजल्या. "इथं आपण म्हणायचं असतं."

आणि अख्खं सभागृह साथीशिवाय गाऊ लागलं, "नाव गेली गं आई, तुझा हात दिसेना." सावकाश, कुणालाच कसली घाई नसल्यासारखं.

गिटारी पुन्हा सुरू झाल्या. बाईंनी पदरानं डोळे टिपले. "लेक लांब गेली की काठावर कसलाच आवाज उरत नाही बघा. ज्यानं हे गाणं केलं ना, त्याला बरोबर माहीत होतं."

तुटलेल्या तारेची गोष्ट फिलिप यांच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यांनी तशीच गिळली.

"गाणं पहिल्यांदाच ऐकताय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."