दादाच्या हाडाचं औषध

“डॉक्टरसाहेब, नुसतं ओट्यावरून घसरून आमच्या दादाचा हात मोडला. मग मी रोज तीन मैल उन्हात चालते, चारदा आपटते, माझं हाड कसं मोडत न्हाय?” मैत्रिणींनी हे विचारून दाखवायची पैज लावली होती, म्हणून चांगुणानं आईआबांसमोर विचारूनच टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळानं ईट गावच्या शाळेच्या वाटेवर सावली म्हणून ठेवली नव्हती. “पोरगी तव्यागत काळी झाली, हिला कोण करून घेणार? सोमवारपासून शाळा बंद!” असं आईनं कालच जाहीर केलं होतं. बब्रुवानदादा मात्र ईटच्याच सोसायटीत कारकून. त्याला स्थळं येत होती, म्हणून आई त्याला फुल बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला टॉवेल गुंडाळून सायकलवर धाडायची. तिथंही दिवसभर तो कचेरीच्या खोलीत बसून असायचा.

डॉक्टर खदखदून हसले. “उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं पोरी, त्यानं हाडं घट्ट होतात. तुला ते फुकट मिळतंय.” मग आईकडं वळून म्हणाले, “बाई, बाविशीचं पोरगं लोणच्याच्या बरणीगत फडक्यात बांधून ठेवू नका. त्याला रोज उन्हात चालू द्या.”

आईनं “बरं” म्हटलं. घरी पोचताच चांगुणानं गोठ्यातली सायकल अंगणात आणली आणि टणकन घंटी वाजवली.


“आई, आबा, ठरलं! दादाच्या हाडाला ऊन पायजे आन् माझा रंग जपायचाय न्हवं? मग सोमवारपासून दादा चालत सोसायटीत जाईल, आन् सायकल मी शाळंला नेणार!”