लोणच्याची बादली

मंदाकिनीबाईंनी बादलीत डोकं घातलं आणि खोल श्वास घेतला. शेजारून कार्ट ढकलत जाणारा एक गोरा म्हातारा थबकला, हसला आणि पुढे गेला. गुरुदत्तने हळूच आजूबाजूला बघून घेतलं. कॅल्गरीत मराठी माणसं काही कमी नाहीत, आणि ओळखीचं कुणी भेटायचं तर नेमकं अशाच वेळी भेटतं.

"नको ही," सासूबाई डोकं बाहेर काढत म्हणाल्या. "पलीकडे रंगाचे डबे मांडलेत त्यांनी. प्लॅस्टिक मेलं वास धरून ठेवतं."

चूक त्याचीच होती. सकाळी बूट घालताना नुसतं "जरा बादली घेऊन येतो" एवढं बोलून सटकला असता तर निभावलं असतं. पण बाईंनी "कशाला?" म्हणून विचारलं आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या लोणच्याला, आई." झालं. बाई पर्स घेऊन त्याच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. छाया ऑफिसला गेलेली, म्हणजे नवऱ्याला आईच्या तावडीतून सोडवायलाही कुणी नाही.

बादली हवी होती ती बिअर करायला. कच्च्या तेलाचे भाव पडल्यापासून गुरुदत्तच्या कंपनीत शुक्रवारी सुट्टी असायची, बेसमेंटमध्ये एक कोपरा मोकळा होता, आणि आपल्या हातची बिअर प्यायची त्याला फार हौस होती. पण हे सासूला सांगणार कोण? आमचे जावई निर्व्यसनी, सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाहीत, असं बाई लग्न ठरल्यापासून अख्ख्या सांगलीला सांगत आल्या होत्या. ती सगळी अब्रू आज एका बादलीवर येऊन टांगली होती.

गंमत म्हणजे दोघांचं पटत चाललं होतं. गुरुदत्त बादली उलटी करून बुडावरची खूण बघू लागला.

"काय बघताय?"

"खायच्या वस्तूला चालते का, ते."

"शहाणे आहात," बाई म्हणाल्या, आणि त्याला उगाच बरं वाटलं.

सेलमधली एक दांडगी बादली त्याच्या मनात भरली होती. बाईंनी आतून नख फिरवलं. "ओरखडे आहेत. ह्यात घाण बसते, कितीही घासा, निघत नाही. मग आत घालाल ते नासलंच म्हणून समजा." बिअरवाल्यांच्या वेबसाइटवर त्याने हेच वाचलं होतं, इंग्रजीत. आपण खोटं बोलून आलोय हे तो हळूहळू विसरायला लागला. इतकं मन लावून त्याच्याबरोबर कुणी कधी बादली निवडली नव्हती.

शेवटी मिळाली मनासारखी. पांढरी, जाड, आतून गुळगुळीत. वास नाही, आणि झाकण दाबलं की टक्क करून बसणारं. फक्त पोटावर फेसाळत्या ग्लासाचं चित्र चिकटवलेलं होतं. गुरुदत्तने चित्राची बाजू स्वतःच्या पोटाशी धरली.

बाईंचं बोट झाकणावर फिरत फिरत मधल्या भोकाशी थांबलं. बिअर आंबताना सुटणारा वायू बाहेर जायला ठेवलेल्या त्या भोकाला कडेने रबर होतं. बोट आत जाऊन बाहेर आलं.

"हे भोक कशाला?"

"हवेला. म्हणजे, लोणच्याला जरा श्वास घेता येतो."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "गुरुदत्तराव, लोणचं श्वास घ्यायला लागलं की फेकून द्यायचं असतं."

"इकडची पद्धत असेल," तो पुटपुटला. "ठेवून देऊ का परत?"

"असू दे. बादली चांगली आहे." बाईंनी खालच्या फळीवरून साध्या झाकणाची एक लहान बादली ओढली, तिच्यातही डोकं घालून पाहिलं आणि कार्टमध्ये टाकली. दोन कशाला, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

काउंटरवरच्या मुलीने बारकोड शोधायला मोठी बादली फिरवली, आणि फेसाळता ग्लास सगळ्यांच्या समोर आला.

"नाइस," ती खुशीत म्हणाली. "बिअर ऑर वाइन?"

बिअरला सांगलीतही बिअरच म्हणतात. गुरुदत्तचे कान गरम झाले. आता फोन जाणार, आधी छायाला, मग सांगलीला तिच्या मामांना, मग गावभर.

"पिकल," मंदाकिनीबाई पुढे होत ठणकावून म्हणाल्या. "मँगो पिकल."

मुलीने एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "ऑसम," म्हणाली आणि पावती दिली.

पार्किंगमध्ये वारा सुटला होता. दोन्ही बादल्या डिकीत ठेवून गुरुदत्त गाडीत येऊन बसला. बाई सीटबेल्टशी झटत होत्या. त्याने तो लावून दिला. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"आई, ते..."

"लहान बादली माझ्या लोणच्याला," बाई समोर बघत म्हणाल्या. "मोठी तुमचं जे काय श्वास घेणारं असेल त्याला. आणि ह्यातलं त्यात करू नका, दोन्ही वाया जातील."

"नाही करणार," तो म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. त्याने गाडी मागे घेतली.

"आणि झाकण घट्ट लावत जा," खिडकीबाहेर बघत बाई म्हणाल्या. "सांगलीपर्यंत वास जाता कामा नये."