पिंजरा झाडण्याआधी

पिंजऱ्यावर नाव लिहिलं होतं, 'बशीर'. मिरजेत आता संधिवाताच्या प्रत्येक रोग्याचा एक उंदीर असे. रोग्याचा आजार त्याच्या अंगात उतरवायचा, औषध आधी त्याला द्यायचं आणि गुण आला तरच माणसाला.

"आठ दिवस झाले, पंजाची सूज तेवढीच आहे," डॉक्टर पालेकर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "इंदूताई, हेही औषध बंद करू."

शेजारी तंबोरे बनवणारे बशीरभाई आखडलेली बोटं मांडीवर ठेवून बसले होते. हे चौथं औषध होतं, आणि शेवटचं.

उंदरांची निगा राखणाऱ्या इंदूताईंनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. "मॅडम, तुम्ही येता दहाला. आम्ही पिंजरे झाडतो नऊला. आज हा मुद्दाम झाडला नाही. बघा."

कोपऱ्यात कापसाचं घरटं होतं, वाटीसारखं गोल, बारीक पिंजलेलं.

"आधी हा उंदीर कापसाला शिवतसुद्धा नव्हता. पंजे ठणकत असते तर एवढं पिंजलं असतं का? रोज बांधत असणार, आणि रोज आम्हीच झाडून टाकत होतो. सूज उतरेल मागाहून. द्या औषध."

डॉक्टर घरट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बशीरभाईंसाठी सुई भरली.

महिन्याने बशीरभाई आले ते थेट उंदरांच्या खोलीत. जवारी लावताना तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवतात ते सूत त्यांनी खिशातून काढलं, चिमटीत धरून त्याचा एकेक धागा सुटा केला आणि पिंजऱ्यात सोडला.

"घे रे बशीर," ते म्हणाले, "घराला लाव."